नऊ हजारांतला एक

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला, माफ कर. डिसेंबरपासून संस्थेत वार्षिक तक्त्यांचं काम चालू होतं, रोजनिशीतही दोन ओळींच्या वर काही उतरलं नाही. पण वेळ नव्हता हे अर्धंच कारण. बोक्याच्या नेमणुकीचा हुकूम येईपर्यंत मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. बोलले असते तर रडले असते.

आता हुकूम आलाय, आणि तो वाचून मी आधी हसले. सक्तीच्या लष्करी सेवेच्या दोन वर्षांसाठी बोक्याला कुठे पाठवताहेत, ओळख पाहू? तुझ्या छावणीत! अख्ख्या देशात सैनिक नसलेली एकच छावणी आहे आणि माझा मुलगा नेमका तिथे सैनिक म्हणून चाललाय. मागच्या वेळी तू आलास तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून हळू आवाजात सांगितलं होतंस, की तिथले रणगाडे रबराचे आहेत आणि बराकी ताडपत्रीच्या. मी मनात म्हटलं, रबराच्या रणगाड्यातून कुणी कुणाला सीमेवर पाठवत नाही. हवा भरायला, तंबू ओढायला चार पोरं लागत असतील, त्यांत हा एक.

मी कुठे शब्द टाकलेला नाही, हे तुला सांगायलाच हवं. पण टाकायची वेळ आली असती तर टाकला नसता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर लिहायचं टाळलं.

दुसरी बातमी: जगातल्या लष्करी बळाच्या क्रमवारीत आपला देश एकतिसाव्यावरून सत्ताविसाव्या जागेवर आला. ती क्रमवारी छापणारं परदेशी वार्षिक आमच्याच संस्थेच्या तक्त्यांवरून आकडे घेतं. संचालकांनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आता मोठ्यांच्या पंक्तीला पाट मांडलाय, फक्त वाढायची वाट बघायची." ज्या नव्या छावणीमुळे आपण चढलो ती तुझीच. मंत्रालयाकडून आकडा आला नऊ हजार, आणि तक्त्यात तो मी भरला. आत काय आहे हे मला ठाऊक होतं. सगळेच देश थोडी छाती फुगवतात, असं मी स्वतःला सांगितलं. शेजाऱ्याला वाटलं पाहिजे की हे घर भरलेलं आहे, म्हणजे तो भिंतीवरून डोकावत नाही.

बोक्याचं प्रशिक्षण या आठवड्यात संपेल. आला की दोन ओळी कळव. तो सकाळी उठवल्याशिवाय उठत नाही. आणि त्याच्यासमोर त्याला बोका म्हणू नकोस, चारचौघांत चिडतो.

तुझी
ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

माफ केलं. पण तुझा चिरंजीव इथे आलेला नाही.

आला असता तर लपून राहिला नसता. इथे आम्ही मोजकी माणसं आहोत: सुतार, रंगारी, शिवणवाल्या दोघी, एक आचारी आणि एक आवाजवाला. त्याचं पुढे सांगतो. सगळे नाटकाच्या धंद्यातले. वीस वर्षं मी नेपथ्य केलं, पण असा प्रयोग पाहिला नाही. प्रेक्षक समोर बसलेले नाहीत, वर आहेत. पार आभाळाच्या वर. त्यामुळे भिंतीला मागची बाजू नसली तरी चालते, पण छपराला सावली नसली तर चालत नाही. सकाळी आम्ही रणगाड्यांत हवा भरतो, कारण थंडीत ते रात्रभरात मलूल होतात. मग लष्करी बूट घालून बराकींमधून पायवाटा तुडवतो. दोऱ्यांवर गणवेश वाळत घालतो, ते ओले पण करतो, कारण कोरडा कपडा वेगळा हलतो. चुली पेटवतो, धूर करतो. दुपारपर्यंत नऊ हजार माणसं जगून झालेली असतात आणि आम्ही थकलेलो असतो.

बराकींची दारं रंगवलेली आहेत, एक सोडून. माझे वस्ताद म्हणायचे, सगळी दारं खोटी केलीस तर नट आत-बाहेर कुठून करेल? एक तरी दार उघडतं ठेव. म्हणून मी गेटाजवळच्या बराकीला खरं दार बसवलं. खर्च तपासायला येणारे साहेब ओरडले, फुकटचा खर्च. पण खोड जात नाही. आत काही नाही, चार पिंपं रंग आणि माझी खाट.

आता आवाजवाला. नुसतं दिसून भागत नाही म्हणे, हल्ली वरचे कानही लावतात. नऊ हजार पोरं म्हणजे बडबड, फोन, शिव्या, गाणी. त्यासाठी एक बंद व्हॅन आलीय, मोठा खांब लावलेली. ती ते सगळं हवेत सोडते. हा आवाजवाला एकलकोंडा आहे, जेवायलाही व्हॅनमध्येच बसतो. आमचा आचारी त्याला म्हणाला, "अहो, इतक्या लोकांची बडबड सांभाळता, आमच्याशी दोन शब्द बोला की!" तर म्हणतो, "माझा कोटा संपतो."

हुकूम नीट वाच. नावासारखं नाव असलेली दुसरी छावणी असेल.

धाकटा


२७ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग समजूतदार झाले. तुला बोलायची मनाई असणार. ते मला मान्य आहे. पण पत्र छावणीला पाणी देणाऱ्या टँकरवाल्याच्या हाती येतं, सरकारी टपालातून नाही, मग माझ्याशी तरी सरळ बोलायला काय हरकत होती?

कारण बोका दर रविवारी दुपारी फोन करतो. दोनदा केला. छावणीचाच फोन, मागे माणसांचा गलका ऐकू येतो, कुणीतरी शीळ घालत असतं. तो मजेत आहे. मी विचारलं, "मामा भेटला का रे?" तर हसून म्हणाला, "रोज दिसतो ना! परवा त्या लांब तोफेच्या नळीला ठिगळ लावत होता, आणि स्वतःशीच पुटपुटत होता, मेली माझ्याच वाट्याला येते." मी म्हटलं, "हाक मारायचीस." तर म्हणाला, "मारली. त्याला ऐकू नाही आली."

हे वाक्य तुझंच आहे, हो की नाही? फाटलेलं काही हातात आलं की तू लहानपणापासून हेच म्हणतोस.

त्याच्या बोलण्यात फरक पडलाय. चांगला. जेवलीस का विचारतो, गुडघा कसा आहे विचारतो. घरी असताना या मुलाला माझ्या गुडघ्याचा पत्ता नव्हता! शिस्त लागली म्हणायची. वाईट वाटतं ते ह्यांचं. फोन वाजला की हे उठून गॅलरीत जातात. मी रिसीव्हर पुढे केला तर म्हणाले, "तूच बोल." पोटच्या पोराशी असला अबोला? जाताना दोघांची वादावादी झाली होती ती धरून बसलेत. मी बोक्याशीच बोलत राहिले. ह्यांना काही बोलायला हवं होतं का, हे ठरवता आलं नाही.

मोजे पाठवतेय. त्याला दे. आणि मला वेड्यात काढू नकोस.

ताई


८ मार्च

ताई,

मोजे माझ्या खाटेवर आहेत. कुणाला देऊ?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तोफेच्या नळीला ठिगळ लावलं हे खरं. तू लिहिलंस तेच पुटपुटलो हेही खरं. पण त्या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं गं. मैदान सपाट आहे, मांजर आलं तरी दिसतं. शिवणवाल्या पलीकडे होत्या, इतक्या लांब की मी ओरडलो असतो तरी त्यांनी मान वर केली नसती.

मग मी सगळ्या बराकी पाहिल्या. वेड्यासारखा. माझ्याच हाताने रंगवलेल्या दारांवर टकटक केली. कापडावर टकटक केली तर काय आवाज येणार? आणि ताई, मी प्रत्येक दारापाशी थांबून ऐकत होतो.

शेवटी आवाजवाल्याकडे गेलो. आधी ऐकून घेईना. मी म्हटलं, "माझा भाचा आहे, एकोणीस वर्षांचा, बोलताना शेवटचा शब्द गिळतो." तो माझ्याकडे बघत राहिला. मग कानाला लावायचं दिलं. आधी नुसता बाजार, शेकडो पोरं एकदम. त्याने एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, गर्दी विरळ झाली. आणि मग अगदी कानाशी: "ए, सरक ना जरा, माझी जागा आहे."

तो बोका होता. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय, मला कुणी शिकवायला नको.

मी विचारलं, हा आवाज तुमच्याकडे कसा? म्हणाला, "प्रशिक्षण केंद्रावर सगळ्यांना एका खोलीत बसवून आठवडाभर वाक्यं वाचून घेतात. रागाची, थट्टेची, घरी बोलायची. पुढचं यंत्र शिकतं. जितकं बोलावं तितकं शिकतं."

"आणि पोरं? ती कुठे गेली?"

"माझ्याकडे फक्त आवाज येतात. बाकीचं माझ्याकडे नाही."

तुझ्याशी रविवारी कोण बोलतं ते मला माहीत नाही. पण तू त्याला गुडघ्याचं आधी सांगितलं होतंस, की त्याने आपणहून विचारलं? नीट आठव.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

तुझ्यावर मी आठवडाभर रागावलेली होते. रोजनिशीत तुला खूप वाईट बोलले आहे, ती पानं फाडणार नाही. तू मला माझा मुलगा नाही, यंत्र आहे असं सांगतोस, आणि अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार!

आठवलं. पहिल्या रविवारी मीच म्हणाले होते, गुडघा दुखतोय, उठायला वेळ लागला. दुसऱ्या रविवारी त्याने गुडघा कसा आहे विचारलं. मी खिडकीतल्या कुंडीचं सांगितलं, पुढच्या वेळी कुंडीचं विचारलं. मी जे जे दिलं ते ते मला परत मिळालं, जरा गोड होऊन. मला ते आवडलं. इतकं आवडलं की मी रविवारसाठी आठवडाभर गोष्टी साठवू लागले.

ह्यांच्याशी शेवटी बोलले. म्हटलं, "तुम्ही गॅलरीत का जाता?" तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आपलं पोर फोनवर कधी 'आई' म्हणालंय का? 'अगं ऐक' म्हणतो आणि कामाचं बोलून ठेवून देतो. हा दर वाक्याला 'आई' म्हणतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू रविवारी रात्री झोपतेस. बाकीच्या रात्री नाही झोपत."

मी त्यांना दगडाच्या काळजाचं समजत होते.

काल मंत्रालयात गेले. तासभर बसवून एका तरुण अधिकाऱ्याने आत घेतलं. वागणं अदबीचं, पाणीबिणी दिलं. मी बोक्याचा क्रमांक दिला. पडद्यावर बघून म्हणाला, "आहे की. छावणीत आहे."

मी म्हटलं, "त्या छावणीत कुणी नाही."

तो घाबरला नाही की चिडला नाही. मला दचकवलं ते त्यानेच. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "बाई, असं कसं? वरून काढलेले फोटो आहेत. संभाषणांच्या नोंदी आहेत. तो परदेशी ग्रंथ आहे." त्याने कपाटातून या वर्षीचा अंक काढून माझ्यापुढे उघडला. "हे बघा, नऊ हजार. त्यांच्यासारखे लोक चौकशी केल्याशिवाय छापतात का? तुमचा मुलगा त्यांतलाच एक."

आकड्याखाली बारीक अक्षरांत आमच्या संस्थेचं नाव होतं.

मला वाटत होतं की आम्ही जगाला फसवतोय आणि खरं काय ते निदान आत कुणाला तरी ठाऊक आहे. धाकट्या, आत कुणीच नाहीये. ज्यांनी हे ठरवलं ते निवृत्त झाले असतील, बदलून गेले असतील. उरलेल्यांनी पुस्तक वाचलंय.

तू म्हणशील ते खरं मानते. आता सांग, बोका कुठे आहे?

ताई


२ एप्रिल

ताई,

थोडं कळलंय. बसून वाच.

टँकरवाला आपला माणूस आहे, पण पत्रं नेण्यापलीकडे तोंड उघडत नव्हता. त्याला तुझं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मला आधीच बोलायला हवं होतं." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या भावाच्या बसगाड्या लष्कराने भाड्याने घेतल्या होत्या. प्रशिक्षण केंद्रातून पोरं भरली आणि थेट बंदरावर नेली. बंदरावर त्यांचे गणवेश उतरवून घेतले आणि दुसरे दिले, बिल्ला नसलेले, नाव नसलेले. जहाज आपल्या देशाचं नव्हतं. कुणाचं ते तुला कळेल. आपल्या त्या मोठ्या मित्रदेशाने अलीकडे कशाबद्दल आभार मानलेत, ते तुमच्या संस्थेत येत असेलच.

उतरवलेले गणवेश कुठे गेले ठाऊक आहे? इथे आले. मी तेच दोरीवर वाळत घालतो.

म्हणजे हिशोब असा आहे: पोरं मित्राच्या लढाईत उसनी दिली, तिकडे आपली वट वाढली. आणि इथे कापडाच्या बराकीत तीच पोरं उभी केली, म्हणून क्रमवारीत चढलो. एका माणसाचे दोन केले. पण तिकडे एखादा पडला तर इथे तो हसतखेळत आहेच, रविवारी घरी फोनसुद्धा करतो. मेल्याचं कळणारच नाही. कधीच नाही.

इथलं वातावरण बदललंय. आचारी परवा काम सोडून गेला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "धुरासाठी चुली पेटवतो तिथे मी रिकामं पातेलं ठेवतो. काल ते कुणीतरी जेवून घासून ठेवल्यासारखं दिसलं." मी हसलो. पण आम्ही सगळेच बराकींजवळून जाताना हळू बोलायला लागलोय, कुणाची झोप मोडू नये तसं. आणि पायवाटा. ताई, आम्ही गेले आठ दिवस उत्तरेकडे फिरकलोच नाही. तिकडची पायवाट जास्त रुळलेली आहे.

ते जाऊ दे. कामाचं बोलतो. त्या व्हॅनची जाड तार गेटाजवळच्या माझ्या बराकीवरून जाते. मी ती तोडू शकतो. तोडली की छावणी मुकी होईल. वरून कान लावणाऱ्यांना दिवसाभरात कळेल की इथे कुणी नाही. मग नऊ हजार गेले कुठे हे विचारायला जग येईल, आणि सरकारला तोंड उघडावं लागेल. बोक्याला शोधायचा मला दुसरा रस्ता दिसत नाही.

पण तार तोडली की तुझा रविवारही जाईल. म्हणून विचारतोय. तू हो म्हण.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

मला हो म्हणता येत नाही.

आज रविवार. आत्ताच फोन ठेवला. मी ठरवून बसले होते की काही सांगायचं नाही, काही द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. तो म्हणाला, "आई, आज गप्प गप्प आहेस." मी गप्पच. मग तोही गप्प राहिला. मागचा गलका थांबला. शीळ थांबली. अख्खी छावणी कान देऊन बसल्यासारखी. आणि मग अगदी हळू म्हणाला, "मी काही चुकलो का?"

मी म्हणाले, "नाही रे राजा."

मला माहीत आहे ते काय आहे. तरी म्हणाले. रोजनिशीत लिहिलं की ही माझी दुबळी बाजू आहे, आणि लिहून बरं वाटलं नाही.

एक रविवार अजून थांब. एकच. शिवाय तुझंही भय वाटतं. तार तोडणं म्हणजे काय गुन्हा धरतील याचा विचार केलास का? आणि शेजाऱ्याला कळलं की घर रिकामं आहे, तर तो खरंच भिंत ओलांडून आला तर? माझ्या एका पोरासाठी मी बाकीच्यांच्या पोरांना उंबऱ्यावर उभं करायचं?

उत्तर नाही म्हणून थांब म्हणतेय.

ताई


१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र टँकरवाल्याने आणलं तेव्हा काम झालेलं होतं. आज दुपारी सगळे जेवायला बसले आणि मी तार तोडली. मला शिव्या दे.

करवत घसरली, डाव्या तळहातावर लांब चिरलं. शिवणवालीने दोऱ्यानेच टाका घालायची धमकी दिली, मग कापडाची पट्टी बांधली. फार नाही. पण मी तुला वेगळंच सांगायला बसलोय.

तार तुटली तेव्हा काहीच झालं नाही. मला वाटलं होतं आवाजवाला धावत येईल. तो सावकाश आला, तुटकी टोकं बघितली, आणि पहिल्यांदा आमच्यातल्या कुणाशी आपणहून बोलला. म्हणाला, "ही कशाला तोडलीत?"

मी म्हटलं, "आवाज बंद व्हावा म्हणून."

"आवाज इथून जात नाहीत," तो म्हणाला. "सुरुवातीला जायचे. मागच्या महिन्यापासून माझं यंत्र बंदच आहे. मी नुसता ऐकत बसतो."

"मग ते येतात कुठून?"

त्याने बराकींकडे पाहिलं. थोड्या वेळाने आपलं सामान बांधून टँकरची वाट बघत रस्त्याला जाऊन बसला.

आता इथे काम करणारे आम्ही पाच जण. रणगाड्यांत दोन दिवस हवा भरलेली नाही. सगळे टणक उभे आहेत.

धाकटा


१९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र काल, मंगळवारी मिळालं. फोन त्याच्या आधी, रविवारी आला होता, नेहमीच्या वेळेला. तुझी तार शुक्रवारीच तुटलेली होती हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "आई, मामाला सांग हाताची पट्टी बदलायला. चिंधी कळकट आहे."

मी म्हटलं, "कसली पट्टी?" तर हसला.

मग मी विचारलं. इतके दिवस हे विचारायचं मी टाळत होते, कारण उत्तर काय येईल ते कळत होतं. "तू कुठे आहेस?"

"छावणीत."

"आणखी कोण आहे?"

"आम्ही नऊ हजार आहोत, आई. सगळे आहेत." मागून गलका झाला, हो म्हटल्यासारखा.

धाकट्या, ते कुठून बोलतात हे मी शोधत बसणार नाही. तू चार लाकडं आणि कापड उभं केलंस. मी एक आकडा लिहिला. मंत्रालयाने तो मानला, परदेशाने छापला, शेजाऱ्याला धाक बसला, मित्राने पाठ थोपटली. इतक्या लोकांनी इतकं मनापासून धरलं की तिथे काहीतरी राहायला आलं असेल. ते काय आहे हे मला ठाऊक नाही. त्याला माझा राग नाही, मला त्याचा नाही. पण तो माझा मुलगा नाही. माझा मुलगा 'अगं ऐक' म्हणतो, शब्द गिळतो, आणि आज कुठल्यातरी परक्या चिखलात बिल्ला नसलेल्या कपड्यांत आहे, किंवा नाही.

जोवर ते नऊ हजार तिथे आहेत, तोवर माझा एक दुसरीकडे कुणी शोधणार नाही. एवढं साधं आहे हे. तार तोडून भागणार नव्हतं. तुझ्या हाताला उगाच लागलं.

तिमाही सुधारित तक्ते उद्या परदेशी जायचे आहेत. ते माझ्या सहीने जातात, आणि सही झाली की तासाभरात तिकडे पोचतात आणि त्यांची क्रमवारी आपोआप बदलते. संचालक वाचत नाहीत, मागच्यासारखेच असणार असं धरून चालतात. दुपारपर्यंत आपण एकतिसाव्याच्याही खाली जाऊ. तिकडून विचारणा येईल, की नऊ हजार माणसं तीन महिन्यांत गेली कुठे? मंत्रालयाला ते म्हणता येणार नाही की कधी नव्हतीच. त्यांच्याकडे नेमणुकीच्या हुकमांवर नऊ हजार घरांच्या सह्या आहेत. त्यांना माणसं दाखवावी लागतील. शेजाऱ्याचं भय मला अजून वाटतं. त्यावर उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडल्याचं सोंग आणणार नाही. नोकरी जाईल, कदाचित पुढचंही काही होईल. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "डबा दोघांचा भरतो, मी पण येतो, बाहेर बसेन."

तू, शिवणवाल्या, सगळे हे पत्र घेऊन येईल त्याच टँकरने परत निघा. सामान राहू दे. रंगाची पिंपं राहू देत.

हे लिहीत असताना फोन वाजला. आज बुधवार आहे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाजत राहिला. मी उठले तर ह्यांनी हाताने बसवलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतः जाऊन रिसीव्हर उचलला. बराच वेळ ऐकत उभे होते. चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

मग म्हणाले, "राँग नंबर," आणि हळूच, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, रिसीव्हर खाली ठेवला.

तुझी
ताई

रोजनिशी, १९ एप्रिल. उद्या: छावणीपुढच्या रकान्यात शून्य लिहिणे.